सीवूड्सचें नवें सोंवळें

सीवूड्स-दारावे स्थानकावर रविवारीं सायंकाळीं उतरणाऱ्या मनुष्यास एकाच जागीं दोन भोजनशाळा दिसतात. एक स्थानकाच्या डोक्यावर : २०१७ सालीं उघडलेला तो प्रचंड मॉल आणि त्यांतील थंडगार कॅफे. दुसरी खालीं, रस्त्याच्या कडेला : पाणीपुरी, वडापाव, डोसा व चिनी नूडल्स यांच्या गाड्या. गर्दी दोहोंकडे, आणि तीही सहकुटुंब. ही गर्दी पाहून कांहीं वृद्ध मंडळी कुटुंबसंस्था बुडाली म्हणून सुस्कारे टाकतात. त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. सहा दिवस दोन्ही वेळां जिनें ओट्यापुढें काढले, त्या गृहिणीनें सातव्या दिवशीं दुसऱ्याच्या हातची गरम पुरी खाल्ली म्हणून जें कुटुंब बुडेल, तें पूर्वीं फारसें तरलेलें होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचा वाद आहे तो आमच्याच वर्गांतील सुशिक्षित, सभ्य व कर भरणाऱ्या गृहस्थांशीं. हे गृहस्थ शनिवारीं मुलांबाळांसह गाडीवर शेवपुरी खातात आणि सोमवारीं 'परिसर अस्वच्छ होतो, सबब गाड्या हटवाव्या' या अर्जावर वळणदार अक्षरांत सही ठोकतात. विचारलें तर उत्तर तयार असतें : स्वच्छतेचा प्रश्न आहे. स्वच्छता हा शब्द असा आहे कीं त्याच्यापुढें कोणासही मान तुकवावी लागते. आणि म्हणूनच त्याच्या पाठीमागें काय दडलें आहे तें पाहणें अवश्य आहे.

१८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोंचलें आणि रानड्यांसारख्या पुरुषासही अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. आज ही हकीकत वर्गांत सांगितली कीं मुलें हंसतात. खुशाल हंसावें, परंतु त्या ग्रामण्याचा रोंख नीट ध्यानांत घ्यावा. पेला धुतलेला होता कीं नाहीं, ही चौकशी त्यांत नव्हती. तो कोणाच्या हातचा, एवढीच चौकशी होती.

पुढें उपहारगृहांनीं हें बंधन हळूहळू सैल केलें. इराण्याच्या संगमरवरी टेबलाशीं कोण कोणाशेजारीं बसला हें पाहण्याची सोयच उरली नाहीं. मात्र स्त्रियांसाठीं तेथेंही पडद्याआडची 'फॅमिली रूम' असे. दादरला १९१० मध्यें मामा काणे यांनीं जें उपहारगृह काढलें त्याच्या नांवांतच 'स्वच्छ' हा शब्द होता. गिऱ्हाइकाच्या मनांतील शंका त्या धोरणी मालकास ठाऊक असाव्यात. खेड्यापाड्यांत तर अस्पृश्य गणलेल्या माणसाची कपबशी वेगळी ठेवीत, आणि ती त्याची त्यानेंच विसळायची. १९५० मध्यें अमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदानें सार्वजनिक उपहारगृहाचें दार जात पाहून लोटून घेण्यास मनाई केली. रस्त्यावरच्या गाडीला दारही नाहीं व पडदाही नाहीं. तिच्यापुढें बँकेंतला अधिकारी, रिक्षावाला व शिकवणीहून परतणारी मुलगी एका रांगेंत द्रोण धरून उभीं राहतात. आणि आमच्या आज्यांना ज्या गोष्टीची कल्पनाही करवली नसती ती, म्हणजे भर रस्त्यांत 'तिखट जरा वाढवा' असें मोठ्यानें सांगणें, आमच्या सुना सहज करतात. ही कमाई आपण अर्जाच्या एका सहीनें घालविणार काय?

गाड्यांवर सर्व निर्मळ असतें असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. पुनःपुन्हां तापून काळें झालेलें तेल आणि एकाच बादलींत रात्रभर बुचकळल्या जाणाऱ्या ताटल्या आम्हींही पाहिल्या आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें लहानांत लहान खाद्यविक्रेत्यासही नोंदणी सक्तीची केली, तें योग्यच झालें. पण या घाणीचें मूळ कोठें आहे? नळ आणि मोरी या गोष्टी जागेला लागतात. ज्याची जागा जप्तीची गाडी येईपर्यंतचीच, त्यानें नळ कोठें बसवावा? धास्तीनें वावरणारा मनुष्य तीन भांड्यांच्या ठिकाणीं एकच ठेवतो, कारण पळतांना उरलेलीं दोन मागें राहतात. म्हणजे आपण प्रथम त्यास अस्थिर करावें, अस्थिरतेमुळें त्यानें अस्वच्छ राहावें, आणि अस्वच्छ म्हणून आपण त्यास हुसकून लावावें! अहमदाबादेस कांकरिया तलावाकाठच्या खाद्यविक्रेत्यांना २०१८ मध्यें 'स्वच्छ खाद्यपथ' म्हणून सरकारी प्रमाणपत्र मिळालें. तें त्यांना हांकलून मिळालें नाहीं. शिक्षण, सोयी व तपासणी यांनीं मिळालें.

'हे बाहेरचे लोक', असाही एक आक्षेप ऐकूं येतो. सिडकोची स्थापना १९७० ची. करावे आणि दारावे येथील आगरी-कोळी सोडले तर सीवूड्समध्यें बाहेरचा कोण नाहीं, हें अर्जदारांनीं आपापल्या खरेदीखतावरील तारीख पाहून ठरवावें. पदपथ अडतो हें मात्र खरें आहे. परंतु तो अडविणाऱ्यांत चार चाकांच्या खासगी वाहनांचा वांटा किती, हेंही त्याच वेळीं मोजावें.

रस्त्यावर विक्री करणें हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें सोदनसिंग खटल्यांत १९८९ मध्यें दिला. २०१४ मध्यें संसदेनें पथविक्रेत्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणें विक्रेत्यांची पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रें मिळेपर्यंत कोणासही उठवितां येत नाहीं. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांस सामावून घेण्याची तरतूद आहे. आणि प्रत्येक शहरीं एक समिति असावी, तींत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीं आपल्यांतून निवडलेले असावेत, असें म्हटलें आहे. त्याच समितींत रहिवाशांच्या संघांसही स्थान आहे, ही गोष्ट अर्जावर सह्या गोळा करणाऱ्यांच्या गांवींही नसते.

तेव्हां गृहसंस्थेच्या पुढील सभेंत असा अर्ज फिरत आपल्यापर्यंत आला, तर वाचकांनीं लेखणी उघडण्यापूर्वीं अर्जदारास एवढेंच विचारावें : समितीनें आपल्या सेक्टरांत विक्रीसाठीं कोणती जागा नेमली आहे, आणि त्या जागेवर पाण्याचा नळ आहे काय?