खार अधू झाली, आता तिचं काय?

डोंबिवलीच्या आजूबाजूला आता शेतापेक्षा प्लॉट जास्त. तरी निळजे, घेसर, खोणीच्या बाजूला बांधावर आंबा, चिंच, जांभूळ अजून उभी आहेत. रस्ता रुंद करायचा, इमारत उठवायची, की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. झाडाबरोबर ढोलीतलं खारीचं घरटंही खाली येतं, पण ते कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

गेल्या वर्षी भेंडीवरचा रोग बघायला एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. ओटीवर भाजीच्या क्रेटमध्ये एक खार, मागचे दोन्ही पाय ओढत चाललेली. बांधावरचा आंबा तोडताना पिल्लू पडलं, घरातल्या मुलीनं उचललं आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. आजोबा म्हणाले, "साहेब, सोडली तर कावळा नेईल, ठेवली तर गुन्हा. आता तुम्हीच सांगा." कीड कुठली आणि औषध किती, हे मी सांगू शकतो. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी विचारलं, "बिबट्या आहे का? खारीसाठी गाडी कुठून पाठवू?"

शेवटी पशुवैद्यकांना दाखवली. मला वाटलं होतं पडताना कणा मोडला असेल. तसं नव्हतं. हाडं मऊ पडून पाय गेले होते. गाईचं दूध, मग बिस्किटं आणि शेंगदाणे, ऊन अजिबात नाही, कारण मांजर नेईल म्हणून क्रेट कायम घरात. व्यालेल्या म्हशीला कॅल्शियम कमी पडलं की ती बसते, हे आपल्याला पाठ आहे. खारीचंही गणित तेच. नुसत्या दाण्यांवर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही आणि उन्हाशिवाय मिळालेलं अंगी लागत नाही. म्हणजे जिला प्रेमानं वाचवली, तिला अधूही आपणच केली. हे ऐकून ती पोरगी रडायला लागली. चूक तिची नव्हती, तिला सांगणारं कोणी नव्हतं.

म्हणून आधी हे सांगतो. पिल्लू पडलेलं दिसलं आणि जखम नसेल तर ते खोक्यात घालून त्याच झाडाजवळ किंवा शेजारच्या झाडावर ठेवा आणि लांब व्हा. आई पुष्कळदा येऊन तोंडात धरून नेते. माणसाचा हात लागला की ती टाकून देते, ही समजूत खोटी. ती आली नाही तर पिल्लाला आधी ऊब द्या, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही, आणि घाईनं पाजलं तर छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. गाईचं दूध देऊ नका, हगवण लागते. आणि 1926 या वन खात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानटी जनावर घरी पाळता येत नाही. हाती आलं तर 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याकडे कळवायचं असतं. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) हे लोकांना सांगायला हवं. धाक घालायला नव्हे, तर लोक भीतीनं लपवतात आणि लपवलेल्या जनावराला डॉक्टर मिळत नाही म्हणून.

आता जी कायमची अधू झाली, तिचं काय? काही जण म्हणतील, माणसांना दवाखाना नाही आणि खारीचं काय घेऊन बसलात! शिवाय खार चिकू कुरतडते, कोवळे नारळ पोखरते. ते खरं आहे, माझ्याकडेच तक्रारी येतात. पण बागेतलं नुकसान रोखणं वेगळं आणि आपण पाडलेल्या झाडाखालचं जनावर उकिरड्यावर टाकणं वेगळं. सभेत 'खारीचा वाटा' म्हणून टाळ्या घेणारे आपणच ना?

आपल्या राज्यात याची सोय कोणी केलीच नाही असं नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला जंगलात परत सोडता न येणारे बिबटे सांभाळले जातात. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकारीत पोरकी झालेली पिल्लं सांभाळायला घेतली, त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. पण खारीसारख्या हातभर जिवासाठी कल्याणहून कोण जुन्नरला जाणार? माझं म्हणणं एवढंच, की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक पिंजरा आणि एक जबाबदार माणूस असावा. पशुवैद्यकांनी तपासून, वेदना असह्य असतील तर तिला शांतपणे मोकळी करावी; जगण्याजोगी असेल तर वन खात्यानं लेखी नोंद करून ती जाणत्या माणसाकडे सोपवावी. आणि झाडतोडीच्या परवानगीआधी झाडावर घरटं पाहिल्याची एक ओळ अर्जात असावी. याला खर्च काहीच नाही.

सांभाळणं सोपं नाही, हेही सांगतो. मागचा भाग लुळा असला की लघवी तुंबते. रोज हलक्या हातानं, पशुवैद्यकांनी दाखवल्याप्रमाणे ती काढावी लागते. खालचं फडकं ओलं राहिलं की कातडी सोलते. पिंजरा उंच नको, बसका हवा. दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड, करवंटी लागते. दाण्यांपेक्षा पालेभाजी, काकडी, दुधी जास्त. हे एकदोन दिवसांचं नव्हे, चार-पाच वर्षांचं काम आहे. पोराला सुट्टीत खेळायला म्हणून कोणी ठेवत असेल तर त्यानं ठेवूच नये.

त्या घरातली खार अजून आहे. पाय आले नाहीत, पण पुढच्या पायांवर जोर देऊन ती क्रेटभर फिरते. संबंधित कार्यालयात आम्ही अर्ज दिला, त्याची पोच आजोबांनी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवली आहे. उत्तर आलेलं नाही. मुलगी शाळेत जायच्या आधी क्रेट कोवळ्या उन्हात ठेवते, आणि मांजर येऊ नये म्हणून आजोबा काठी घेऊन शेजारी बसतात.