मुक्या विद्यार्थ्याचा खाऊ



१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठा क्षोभ उसळला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ आणि सर जमशेटजी जीजीभाई या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तेथे पांजरापोळ उभे राहिले. त्या पिढीने रस्त्यावरच्या कुत्र्याला अभय दिले. आज तोच प्राणी आपल्या अनेक घरांत कुटुंबातला होऊन राहतो आहे आणि त्याच्या शिकवणीचा प्रश्न गृहिणीपुढे येतो आहे.

बैस, थांब, हाक मारताच ये, एवढे तरी कुत्र्याला यावे लागते. वाहत्या रस्त्यावर त्याचा जीव त्यावरच अवलंबून असतो. शिकवणीसाठी खाऊ लागतो. बाजारातल्या खाऊत मात्र बहुधा मांसाचा अंश असतो. वेष्टनावर भाजीचे चित्र असले तरी घटकांच्या यादीत जिलेटिन, हाडांची भुकटी किंवा प्राणिज चरबी आढळू शकते, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचावी. ती वाचून काही घरी खाऊच बंद होतो आणि त्याची जागा साखळीचा हिसका किंवा छडी घेते. कोणी असाही सल्ला देतो की, कुत्र्याला उपाशी ठेवा, म्हणजे ते लवकर शिकेल. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्राण्याला मारणे आहे, तसेच त्याचे अन्नपाणी रोखणेही आहे. तेव्हा मांस टाळले एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. योग्य खाऊ निवडणे हाही जीवदयेचाच भाग होय.

असा खाऊ आपल्या स्वयंपाकघरातच आहे. उकडलेला लाल भोपळा, वाफवलेली फरसबी, काकडी, बिया व गाभा काढलेले सफरचंद, भाकरीचे वाळवलेले तुकडे आणि घरी केलेले बिनमिठाचे पनीर. गाजर-रताळ्यासारखे कंद वर्ज्य असलेल्या घराचेही यात काही अडत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, माणसाच्या सहवासात कुत्र्याला लांडग्यापेक्षा पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती अधिक आली आहे. तरीही पनीर प्रथम थोडेच द्यावे. काही कुत्र्यांना दूध सोसत नाही. रोजचा आहार मात्र पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावा. केवळ या खाऊवर कुत्र्याचे पोषण होत नाही.

काही पदार्थ कटाक्षाने टाळावेत. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून बेदाणे घातलेला शिरा प्रेमानेही भरवू नये. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगगम हेही विषच समजावे. चुकून पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे.

आता देण्याची रीत. कुत्र्याला उधारी कळत नाही. सारा व्यवहार रोखीचा. सांगितलेले केले, की त्याच क्षणी तुकडा तोंडात पडला पाहिजे. ते बसल्यावर आपण डबा शोधू लागलो, तोवर ते उठते आणि उठण्याचेच बक्षीस त्याला मिळते. तुकडा वाटाण्याएवढा व मऊ असावा, म्हणजे चघळण्यात वेळ जात नाही आणि पाच-दहा वेळा देऊनही पोट भरत नाही. सोप्या कामाला भाकरी, अवघड कामाला पनीर, अशी प्रत ठरवावी. बाहेर इतर कुत्री दिसत असताना हाकेसरशी परतणे हे फार अवघड काम, म्हणून त्यासाठी सर्वांत आवडीचा खाऊ राखून ठेवावा. खाऊ आधी दाखवून काम करून घेतले, तर कुत्रे हाताकडे पाहते, शब्दाकडे नाही.

हिशेबही हवा. दिवसभराच्या एकूण आहारात खाऊचा वाटा उष्मांकांच्या मानाने दहा टक्क्यांहून अधिक नसावा. त्यासाठी दिवसाचा खाऊ सकाळीच एका डबीत काढून ठेवावा आणि घरातील सर्वांनी त्याच डबीतून द्यावा. एरवी आजी एक तुकडा देते, नातू दोन देतो आणि वजन वाढल्यावर दोष कुत्र्याच्या माथी येतो. शिकवण पक्की झाली, की खाऊ प्रत्येक वेळी न देता अधूनमधून द्यावा. शाबासकीचा शब्द मात्र दर वेळी असावा. मधूनच ते विसरले, तर पुन्हा सोप्या पाठापासून आरंभ करावा. छडीची गरज तेव्हाही पडत नाही.