रणातला पाहुणा

यंदा एक गोष्ट वर्षभर डाचते आहे. मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला आणि आपल्यावर झिरकपूरमध्ये दिवे घालवून बसायची पाळी आली. चंदीगडला भोंगे वाजले, विमानतळ बंद होता. त्याच रात्री पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून मोबाइलवर धडाधड चित्रफिती येत होत्या, बऱ्याचशा खोट्या, आणि खाली एकच घोषा: आता थांबू नका. चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय आहे. तिथली काही मराठी घरं आपल्या अंकाची वर्गणीदार आहेत. त्या घरांतल्या बायकांना आपला माणूस त्या घडीला कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. लढाई अशी चवीने पाहणाऱ्यांचा मला तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही.

म्हणून या अंकाचा विषय ‘लढाई पाहणारे’ असा ठरला आणि वाल्डेमार आठवला. प्रशियाचा हा राजपुत्र, राजाचा चुलतभाऊ, घोडदळातला अधिकारी. १८४४ मध्ये तो हिंदुस्थानच्या सफरीला निघाला. नेपाळ, गढवाल, सिमला पाहत, चित्रं काढत फिरला आणि १८४५ च्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल हार्डिंगच्या छावणीत पाहुणा म्हणून दाखल झाला. इंग्रज-शीख युद्ध तेव्हा पेटलेलं. वय अठ्ठावीस, कवायतींपलीकडची खरी लढाई समोर आलेली. त्याचं कुतूहल मी समजू शकतो. १८ डिसेंबरला तो मुदकीला होता, २१ ला फिरोजशाहला.

त्याच्यासोबत डॉक्टर हॉफमायस्टर होता. सव्विशीतला, हिमालयातल्या झाडाझुडपांत रमणारा. घरी लिहिलेली त्याची पत्रं पुढे जर्मनीत पुस्तकरूपाने निघाली. इंग्रज जिंकोत की शीख, त्याला काय होतं? फिरोजशाहला तोफेचा छर्रा लागून तो जागीच गेला. रात्र पडली तरी निकाल लागेना, तेव्हा हार्डिंगने राजपुत्राला रणातून काढून मागे धाडलं. आपल्याजवळची नेपोलियनची तलवारही त्याने सुरक्षित जागी पाठवली. ज्यांना मागे पाठवायला कुणी नव्हतं ते तिथेच राहिले: इंग्रजांच्या फौजेतले ६९४ ठार, १,७२१ जखमी. शिखांकडच्या मृतांचा तर अंदाजच सांगितला जातो.

आणि एवढं होऊनही १० फेब्रुवारी १८४६ ला सोब्राओंच्या लढाईत वाल्डेमार पुन्हा हजर! हे मात्र मला त्याला माफ करता येत नाही. मायदेशी परतल्यावर त्याला म्युन्स्टरला घोडदळाच्या ब्रिगेडचं नेतृत्व मिळालं आणि १८४९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो तिथेच वारला. त्याच्या चित्रांचा ग्रंथ मरणोत्तर निघाला. त्याच्या बाजूने एकच सांगता येईल. तो तोफेच्या टप्प्यात उभा होता.

आपले पाहणारे कुठे उभे होते? ९ मे रोजी, फिरोजशाह ज्या फिरोजपूर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, खाई फेमे की गावात, घरावर ड्रोन पडून एक कुटुंब होरपळलं. त्यातली एक स्त्री पुढे उपचार चालू असताना गेली. त्या घराबद्दल मला एकाही नातेवाइकाने विचारलं नाही.

बाकी वर्षाचं थोडक्यात. शिवरायांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, आनंद झाला. महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीचा आदेश मागे घ्यावा लागला, तेही बरंच झालं. पंजाब आणि मराठवाडा दोन्हीकडे पुराने शेतं धुऊन नेली. त्यावर आत दोन लेख आहेत, ते आधी वाचा.

पुढच्या अंकासाठी एक मागणं आहे. तुमच्या घरात, सोसायटीत १९७१ किंवा कारगिल अंगावर घेतलेलं कुणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला जा. त्यांच्याशी बोला, त्यांच्या घरच्यांशी अधिक बोला आणि ऐकाल ते लिहून पाठवा. आम्ही छापू. चित्रफिती मात्र पाठवू नका.