बोट तीच की दुसरी?

आमच्या भिशीत गेल्या महिन्यात चक्क भांडण झालं. अकराजणी आहोत आम्ही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी जमायचं, खायचं-प्यायचं, पैसे मोजायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आजवर सुनांवरून, जावांवरून पुष्कळ बोलणं झालं, पण आवाज कधी चढला नव्हता. तो चढला बोटीवरून.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्याजणी मुंबईहून गोव्याला क्रूझने जाऊन आलो. कुणी शिकवण्यांच्या पैशांतून, कुणी पापड-मसाल्यांच्या कमाईतून, तर कुणी घरखर्चातून वाचवून ही सहलीची भिशी भरली होती. परत आल्यावर लगेच पुन्हा सुरुवात केली. दरमहा दोन हजार, ३६ महिने. प्रत्येकीचे ७२ हजार रुपये जमले. आता जायचं कुठे? सहाजणी म्हणाल्या, "यंदा सिंगापूरची बोट बघू." पाचजणी म्हणाल्या, "तीच मुंबईची बोट बरी. फार तर गोव्याऐवजी लक्षद्वीपला जाऊ. पण कंपनी तीच." मी पहिल्या गटात होते आणि अगदी तावातावाने बोलत होते. माझ्या समोर होत्या आमच्या माई, वय वर्षं ७२.

घरी आल्यावर मी विचार करायला लागले. एवढा राग का यावा? बोट ही काही आपल्या माहेरची नाही. मग आपण एखाद्या कंपनीच्या नावाला इतक्या का धरून राहतो?

मैत्रिणींनो, आपल्याच स्वयंपाकघराकडे बघा. चहा एकाच नावाचा, हिंग एकाच डबीतला, कपड्याची पावडर वीस वर्षं तीच. कधी विचार केलाय, का? चांगली असते म्हणून, हे खरंच. पण मला वाटतं, त्यामागे आणखी एक कारण आहे. नवा चहा आणला आणि तो बिघडला, तर पहिला घोट घेतल्याघेतल्या घरातून आवाज येतो, "हे काय आणलंस?" जुना चहा कसाही झाला तरी बोल पावडरीला लागतो, नव्याचा बोल मात्र आपल्याला. म्हणून आपण नव्याच्या वाटेला जात नाही. त्याला आपण आवड म्हणतो. पुष्कळदा ती आवड नसते, बोलणी खाण्याची धास्ती असते.

ही धास्ती सहलीलाही आपल्याबरोबर येते. आमच्या शाळेतल्या बाई अगदी हेच बोलल्या. "नवीन बोट मी सुचवायची आणि जेवण वाईट निघालं तर वर्षभर तुम्ही मला ऐकवाल." सगळ्या हसल्या, पण त्यांचं खरं होतं. गंमत बघा, या सहलीचे पैसे आमचे स्वतःचे. विचारणारं कुणी नाही. तरीसुद्धा आम्ही आमच्या आम्हालाच भीत होतो!

दुसरं कारण आमच्या बँकेतल्या मैत्रिणीने मांडलं. ती हिशेबाची पक्की. आमच्या एजंटने तिला सांगितलं होतं, त्याच बोटीवर पुन्हा गेलात तर सवलत मिळवून देतो. "सवलत सोडायची कशाला?" तिचा सवाल. मुद्दा बिनतोड वाटला, म्हणून मी जरा खोलात गेले.

परदेशातल्या क्रूझ कंपन्यांनी या सवलतींचं मोठं शास्त्र केलेलं आहे. रॉयल कॅरिबियन या कंपनीचंच बघा. तिथे साध्या खोलीत काढलेल्या प्रत्येक रात्रीला एक पॉइंट मिळतो. तीन पॉइंट झाले की तुम्ही 'गोल्ड'. ३० झाले की 'प्लॅटिनम', ८० झाले की 'डायमंड'. अगदी वरच्या पायरीवर जायला ७०० लागतात. जशी पायरी चढाल तशा सोयी वाढतात. वर्षातून दोन-तीनदा क्रूझवर जाणाऱ्या निवृत्त अमेरिकन जोडप्याला यात फायदा आहे, नाही असं नाही. पण आपण? आम्ही दर तीन वर्षांनी तीन रात्री बोटीवर काढतो. म्हणजे सरासरी वर्षाला एक रात्र. या हिशेबाने हिरा मिळायला मला ८० वर्षं लागतील. आज मी ४७ ची आहे. १२७ व्या वर्षी मला कुणी बोटीवर हात धरून चढवलं, तर माझी खास सोय होईल! ज्या पायऱ्या चढायला आपलं आयुष्य पुरणार नाही, त्यांच्यापायी आजची आवड का मारायची? सवलत मिळाली तर जरूर घ्यावी, पण ती वजा करून दोन्ही सहलींचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघावा. आम्ही तो मांडला, तर सवलत होती ती मुंबईला जायच्या-यायच्या भाड्याएवढी. तेवढ्यासाठी तीन वर्षांची सहल ठरवायची का?

बरं, ज्या नावाशी एकनिष्ठ राहायचं, ते नाव तरी टिकतं का? आपल्या मुंबई बंदराचीच गोष्ट घ्या. २००५ मध्ये स्टार क्रूझेसची 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईला आली, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढं कौतुक झालं होतं! पुढे ती गेली. २०१९ मध्ये जलेश क्रूझेस या भारतीय कंपनीची 'कर्णिका' आली. वर्षभरात करोना आला, २०२० मध्ये कंपनी बंद पडली आणि ती भलीमोठी बोट गुजरातेत अलंगला तोडायला गेली. २०२२ च्या जानेवारीत स्टार क्रूझेसची मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँगसुद्धा बुडाली. बंद पडलेल्या कंपनीचे पॉइंट कुठल्या दुकानात वटवायचे, सांगा!

आणखी गंमत पुढेच आहे. त्याच गेंटिंगची 'गेंटिंग ड्रीम' ही बोट २०२२ च्या जूनमध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या नावाखाली सिंगापूरहून निघू लागली. म्हणजे कंपनीची पाटी बदलली, बोट तीच. २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने मुंबईहून 'एम्प्रेस' सुरू केली. ती तर १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनची 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून पाण्यात उतरलेली. मधली काही वर्षं ती स्पेनच्या कंपनीकडे नांदली, पुन्हा जुन्या घरी आली आणि मग आपल्याकडे. लग्न होऊन नाव बदललेल्या आपल्यासारखीच की ही! नवं नाव म्हणजे नवी बोट, असं समजणारीची इथे फसगत व्हायची.

उलटही होतं. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, क्युनार्ड ही नावं वेगवेगळी, जाहिराती वेगवेगळ्या, पण मालक एकच, कार्निव्हल कॉर्पोरेशन. आपल्या मोरीतल्या फळीवर सर्फ एक्सेल, रिन आणि व्हील शेजारी शेजारी असतात आणि तिन्ही हिंदुस्तान युनिलिव्हरचे, तसंच हे. तेव्हा केवळ नाव बदललं म्हणून आपण वेगळं काही निवडलं, असंही समजायचं कारण नाही.

हे सगळं मी वहीत टिपून ठेवलं आणि पुढच्या भिशीला जय्यत तयारीने गेले. एकेक मुद्दा मांडला. शाळेतल्या बाई विचारात पडल्या, बँकेतली मैत्रीण माझी वही मागून घेऊन आकडे तपासायला लागली. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात माई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तुझं सगळं बरोबर आहे. पण मला तीच बोट हवी."

"का पण माई?"

"मागच्या वेळी पहिली रात्र मी खोलीतच काढली होती. तुम्ही सगळ्या वर गाणीबजावणी करत होतात. मला त्या लिफ्टचं, त्या लांबच लांब बोळांचं भय वाटलं. हरवले तर? दुसऱ्या दिवशी जरा धीर आला, वाट कळायला लागली, तोवर सहल संपली. आता त्या बोटीवर माझी मी वरती जाईन आणि समुद्राकडे बघत बसेन. कुणाचा हात धरावा लागणार नाही."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माईंचं माहेर देवगडचं. लहानपणी त्या आईबरोबर भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने जायच्या. डेकवर वळकटी पसरायची, डोक्याशी फराळाचा डबा ठेवायचा आणि रात्रभर समुद्राचा आवाज ऐकायचा. कुठली बोट, कुठली कंपनी, हे त्यांच्या आईला कधी कुणी विचारलंच नाही. पुढे लग्न झालं, घाटावर आल्या, आणि मधली पन्नास वर्षं समुद्र दिसला तो फक्त टीव्हीवर. मागच्या सहलीत तो समोर आला, तर भीतीने खोलीत बसून राहाव्या लागल्या. ती राहिलेली रात्र त्यांना परत हवी होती. त्याच बोटीवर पुन्हा जाणं हेच त्यांचं नवं होतं, आणि मी त्याला हट्ट म्हणत होते!

म्हणजे एकाच निष्ठेच्या पोटात तीन वेगवेगळी कारणं निघाली. एक, बोलणी खाण्याची धास्ती. ती सोडायलाच हवी. दुसरी, सवलतीचा मोह. तो कागदावर मांडून बघावा, बहुतेक वेळा आपोआप गळून पडतो. आणि तिसरी, ओळखीच्या जागी मिळणारा मोकळेपणा. याला मात्र मान द्यायला हवा. थकलेल्या, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या, आजारातून उठलेल्या बाईला ओळखीची वाट हा केवढा तरी आधार असतो. तिला "तुम्ही जुन्या वळणाच्या" म्हणून हिणवण्यात कसला आलाय पुढारलेपणा? तशीच दुसरीही बाजू आहे. एखादीला जग बघायची हौस आहे आणि घरातून सांगितलं जातं, "आपली नेहमीची कंपनीच बरी, तुला काय कळतंय त्यातलं." तिनेही गप्प बसू नये. तीच की दुसरी, हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्याला या प्रवासातून काय हवंय, हे बाईने आधी स्वतःला विचारावं आणि मग मोठ्याने सांगावं.

हे सांगून झालं की बोट कुठलीही असो, काही प्रश्न विचारायला लाजू नका. भाडं बहुधा एका खोलीत दोघी, असं धरून सांगितलेलं असतं. एकटीने खोली घेतली तर जवळजवळ दोघींचं भाडं पडू शकतं. एकट्या बायकांनी, विशेषतः पती गेलेल्या मैत्रिणींनी, हे आधीच विचारून जोडीदारीण ठरवावी. आतल्या बाजूची खोली स्वस्त असते, पण तिला खिडकी नसते. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी दोन पैसे जास्त मोजावेत. बंदराचे कर, जीएसटी, आणि परदेशी बोटींवर रोजच्या हिशेबाने लावली जाणारी कर्मचाऱ्यांची बक्षिशी, हे भाड्यात धरलंय की वेगळं, ते लेखी घ्यावं. बोटीवर बहुधा रोख पैसे चालत नाहीत, सगळा खर्च कार्डावर चढत जातो आणि शेवटच्या दिवशी बिल हातात पडतं. बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळ्या आधीच बरोबर घ्याव्यात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईकडची सहल हिवाळ्यातच ठरवावी. सिंगापूरकडे जायचं तर पासपोर्ट हवा, शिवाय बोट दुसऱ्या देशात जाऊन परत सिंगापूरला येते, म्हणून व्हिसा दुसऱ्यांदा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघावं. आणि वाटेतल्या बंदरावर उतरलात तर दिलेल्या वेळेआधी परत या. एसटी कंडक्टर हाक मारून थांबतो, बोट थांबत नाही.

आता आमच्या भांडणाचं काय झालं? चिठ्ठ्या टाकायचं ठरत होतं, पण मीच नको म्हटलं. चिठ्ठीने माई हरल्या असत्या आणि मला ते बघवलं नसतं. आम्ही सगळ्या पुन्हा एकदा नीट बोललो. सातजणींना मनापासून सिंगापूर हवं होतं. चौघींना मुंबईचीच बोट हवी होती. दोन गट करावेत, इथवर बोलणं आलं. तेव्हा माई बराच वेळ गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "पहिल्या रात्री तू माझ्याबरोबर राहशील? सगळे बोळ, लिफ्ट, डेक, पहिल्या संध्याकाळीच हिंडून दाखवशील? खोलीत एकटीला बसू देणार नाहीस?"

मी म्हटलं, "शब्द देते."

"मग चल सिंगापूर. बोट नवी असली तरी बायका त्याच आहेत ना!"

मागच्या सहलीत त्या रात्रभर खोलीत एकट्या होत्या आणि आम्हा दहाजणींपैकी एकीलाही ते कळलं नव्हतं, हे तेव्हा कुठे माझ्या नीट लक्षात आलं. बोट जुनी की नवी, यावर मी एवढी भांडले. बरोबर आलेल्या बाईकडे बघायचं मात्र राहून गेलं होतं.

पुढच्या आठवड्यात माईंना पासपोर्टच्या कामाला घेऊन जायचंय. कालच त्यांचा फोन आला होता, "अगं, फोटोला कुठली साडी नेसू?"