नाव गोजिरा, रूप राक्षसाचे

मंडळी, सारे जग ज्याला गॉडझिला म्हणते त्याला जपानी माणूस 'गोजिरा' म्हणतो. मराठी कानाची या नावाने मोठी पंचाईत होते. साजिरे-गोजिरे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टोपडे घातलेले बाळ येते, आणि इथे पडद्यावर बघावे तर पन्नास मीटर उंचीचे, पाठीवर दगडी सुळके असलेले धूड गिंझाच्या रस्त्यावरून आगगाडीचा डबा तोंडात धरून चाललेले! नाव खरे तर गोरिला आणि 'कुजिरा', म्हणजे देवमासा, या दोन शब्दांना जोडून झालेले. पण आमच्या सौ.ने ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा, "अगंबाई, किती गोड नाव!" असेच उद्गार काढले होते.

या खेपेला लिहायचे आहे ते 'गॉडझिला मायनस वन' या चित्रपटाविषयी. जपानमध्ये तो ३ नोव्हेंबर २०२३ रोजी लागला. दिग्दर्शक, लेखक आणि दृश्यपरिणामांचा प्रमुख असा तिहेरी भार ताकाशी यामाझाकी यांनी उचलला आहे. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मंडळींनी "राक्षसाचा सिनेमा काय बघायचा" म्हणून तो टाळला, म्हणून हा लेखनप्रपंच. शेवट सांगितल्याशिवाय चर्चा होत नाही, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबून प्रथम सिनेमा बघावा.

दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' बघत वाढलेल्या आमच्या पिढीला रबरी राक्षस नवे नाहीत. पण गोजिराचे मूळ खेळण्यांच्या दुकानात नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची राख 'दाइगो फुकुर्‍यू मारू' या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ माणसे होती. त्यांपैकी बिनतारी संदेशाचे काम करणारे कुबोयामा सप्टेंबरात वारले. पुढे सहाच आठवड्यांत, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, इशिरो होंडा यांचा पहिला 'गोजिरा' पडद्यावर आला. अणुस्फोटांमुळे समुद्रातून उठलेला आणि शहर जाळत जाणारा हा प्राणी तेव्हाच्या प्रेक्षकाला परका नव्हता. त्यांची घरे जळून दहा वर्षेही झाली नव्हती. ती बोट आज तोक्योतच युमेनोशिमाच्या प्रदर्शनगृहात ठेवलेली आहे. रविवारी मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे.

'मायनस वन' मात्र १९५४च्याही मागे जातो. युद्धाने जपान शून्यावर आला, त्यावर हा राक्षस, म्हणजे उणे एक, असा नावाचा हिशोब. कोइची शिकिशिमा हा कामिकाझे वैमानिक १९४५ साली इंजिन बिघडल्याचे निमित्त करून ओदो नावाच्या (काल्पनिक) बेटावर विमान उतरवतो. कारण उघड आहे, त्याला मरायचे नाही. त्या रात्री बेटावर गोजिरा येतो. विमानाच्या तोफा हाताशी असून शिकिशिमाचे बोट चापावर दाबत नाही. सकाळी जिवंत उरतात दोघेच, तो आणि ताचिबाना नावाचा मेकॅनिक. तोक्योला परतावे तर घर बेचिराख, आईवडील गेलेले. शेजारीण त्यालाच विचारते, की तू जिवंत कसा आलास? त्यातच नोरिको नावाची तरुणी एक अनाथ तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्याच्या खोपटात शिरते आणि तीन परक्यांचा संसार सुरू होतो.

आडनावाची निवडही मुद्दाम केलेली दिसते. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्समध्ये निघालेल्या पहिल्या कामिकाझे तुकड्यांपैकी एकीचे नाव 'शिकिशिमा' होते. जपानी प्रेक्षकाला हे सांगावे लागत नाही. आपल्या इतिहासात वाढलेल्या वाचकाला 'बाजी' म्हटल्यावर काय आठवते, त्यातलाच हा प्रकार. असे नाव लावणारा गडी मरायला तयार नाही, इथेच कथेची मेख आहे.

आता गुणांकडे वळू. पहिला गुण म्हणजे भीती खरोखर वाटते. शिकिशिमाला काम मिळते ते समुद्रातले सुरुंग काढण्याचे. युद्धाच्या शेवटच्या वर्षी अमेरिकेने जपानभोवती दहा हजारांवर सुरुंग पेरले होते. त्यांतले बरेच लोखंडी बोटीच्या चुंबकत्वाने फुटणारे, म्हणून ते काढायला लाकडी बोट. अशा खटारा बोटीमागे पाण्याबाहेर नुसते डोके काढून गोजिरा पोहत येतो, तेव्हा थेटरात आमच्या शेजारचे जपानी आजोबा खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. जनावर लांब आहे तोवर दिग्दर्शक आपल्याला श्वास घेऊ देत नाही, आणि जवळ आले की नजर हटवू देत नाही. गिंझावर तो अग्निझोत सोडतो, ढग छत्रीसारखा वर जातो आणि मग काळा पाऊस पडतो. तिथे कुणी काही बोलत नाही, आणि त्याची गरजही नाही.

दुसरा गुण आमच्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला विशेष भावणारा. यातली ६१० दृश्ये संगणकावर घडवली ती अवघ्या ३५ माणसांच्या चमूने. हॉलिवूडमध्ये एका सिनेमाला शेकड्यांनी माणसे लागतात. इथे दिग्दर्शक त्याच खोलीत बसलेला, त्यामुळे काम दाखवा, दुरुस्त करा आणि पुढे चला. मंजुरीसाठी चार खात्यांत कागद फिरवणे नाही. (आमच्या वाचकांपैकी जपानी कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी इथे सुस्कारा सोडावा.) १० मार्च २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये या चमूला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, त्या विभागातले पहिले जपानी. मंडळी हातात गोजिराच्या बाहुल्या घेऊन मंचावर गेली. त्याच रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'ओपेनहायमर'. बाँब बनवणाऱ्याची कथा आणि बाँबातून जन्मलेल्या राक्षसाची कथा एकाच मंचावर! आणि तारीख कोणती, तर १० मार्च. १९४५ साली याच तारखेच्या पहाटे तोक्यो जळले आणि सुमारे एक लाख माणसे गेली.

तिसरा गुण आमच्या मते सर्वांत मोठा. १९५४च्या सिनेमात शास्त्रज्ञ सेरिझावा आपल्या शोधाचे कागद जाळतो आणि राक्षसाबरोबर समुद्रतळाशी स्वतःही मरतो. प्रेक्षक डोळे पुसतात. 'मायनस वन'मध्ये शिकिशिमाही बाँब भरलेले विमान राक्षसाच्या तोंडात घालायला निघतो. पण ज्याची माणसे त्याच्यामुळे मेली तोच ताचिबाना त्या विमानात उडी मारून सुटण्याची खुर्ची बसवून देतो आणि जगायला सांगतो. मोहिमेच्या आदल्या दिवशी नोदा हा जुना नौदल-अभियंता जमलेल्यांना सांगतो, की या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त केला, आता एकही माणूस न गमावता जिंकायचे आहे. बोटीवरच्या एका पोराला युद्धात जायला मिळाले नाही याची खंत असते. कप्तान त्याला झापतो, की युद्ध न बघणे हीच अभिमानाची गोष्ट आहे.

हे ऐकताना आम्हाला आपली भाषा आठवली. आपणही 'धारातीर्थी पडला' असे किती सहज म्हणतो! १६७४ साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर मूठभर स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले, ते मुलांना सांगताना आमचाही आवाज चढतो. पण त्याच स्वराज्यात १६६५ साली पुरंदरावर मुरारबाजी पडल्यावर महाराजांनी २३ किल्ले देऊन तह केला, आणि पुढच्या वर्षी आग्र्याहून निसटून आले. शीर सलामत तर पगडी पचास! मरणाच्या गोष्टी रंगवून सांगता येतात, जगण्याच्या गोष्टीला रंग भरणे अवघड. ते या सिनेमाने केले आहे.

आता उणिवा. प्रथम आमचा धंद्यातला आक्षेप. नोदाची योजना अशी, की गोजिराभोवती फ्रीऑन वायूच्या टाक्या बांधायच्या, बुडबुड्यांनी त्याची तरंगण्याची शक्ती घालवायची आणि सागामीच्या खाडीत त्याला झपाट्याने १५०० मीटर खाली न्यायचे, म्हणजे दाबाने चिरडेल. पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, तेव्हा तळाशी दीडशेपट. हिशोब बरोबर. पण त्या काळचा नेहमीचा फ्रीऑन सहा-एक वातावरणांच्या दाबाखाली द्रव होतो (शीतकपाटात तो याच गुणावर चालत असे). म्हणजे पन्नास-साठ मीटरवर बुडबुडे आटोपले आणि जनावर पुन्हा तरंगायला मोकळे! शिवाय गोजिरा येण्यापूर्वी खोल पाण्यातले मासे फुगून वर येतात असे सिनेमाच दाखवतो. जो त्या खोलीतून रोज ये-जा करतो त्याला दाबाचे काय भय? नोदा यशाची खात्री देत नाही, एवढा मात्र त्याचा प्रामाणिकपणा. विमानाबद्दल तक्रार नाही. मागे पंखा असलेले 'शिंदेन' खरोखर बनले होते आणि ३ ऑगस्ट १९४५ रोजी पहिल्यांदा उडाले. सिनेमासाठी केलेली त्याची पूर्णाकृती प्रतिकृती फुकुओकाजवळ ताचिआराईच्या शांतता संग्रहालयात ठेवलेली आहे.

दुसरी उणीव अभिनयाची. शिकिशिमाचे काम करणारे कामिकी आणि नोरिको झालेल्या हामाबे ही जोडी त्याच वर्षी एनएचकेच्या सकाळच्या 'रानमान' मालिकेत घराघरात पोचली होती. दोघे गुणी आहेत. पण दुःख झाले की ओरडायचे आणि निश्चय झाला की त्याहून मोठ्याने ओरडायचे, असा इथला खाक्या आहे. नोरिकोला फारसे करायलाही काही दिलेले नाही. स्फोटाच्या झोतात उडून गेलेली बाई शेवटी इस्पितळात पट्ट्या बांधून जिवंत भेटते, तिथे तर आपल्या जुन्या हिंदी सिनेमांची आठवण यावी. तिच्या मानेवर चढणारी काळी रेघ दाखवून दिग्दर्शकाने थोडी भरपाई केली आहे.

तिसरी उणीव मोठी, आणि ती आमच्या चिरंजीवांनी दाखवली. इथल्या शाळेत जाणारा मुलगा. घरी येताना गाडीत विचारता झाला, "बाबा, या युद्धात आपण कुणाच्या बाजूला होतो?" प्रश्न सरळ आहे, उत्तर नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपानी फौजेशी लढणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, तेही १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचे एक कारण. दुसरीकडे नेताजींची आझाद हिंद सेना जपानच्या मदतीने उभी राहिली. आपली माणसे दोन्ही बाजूंना होती. सिनेमात यातले काहीच नाही. या देशाने जीव स्वस्त केला हे खरे, पण कुणाकुणाचा? सिनेमा फक्त स्वतःच्या मुलांचा जीव मोजतो. चीन, मलाया, ब्रह्मदेश इथे मेलेल्यांसाठी त्यात एक वाक्यही नाही.

एवढेच नव्हे, १९४७च्या जपानवर परक्या फौजेचा ताबा होता हेसुद्धा सिनेमा एका वाक्यात उरकतो. रशियाशी ताण वाढेल म्हणून अमेरिका हात आखडते आणि रस्त्यावर परका सैनिक उरत नाही. प्रत्यक्षात याच दोन वर्षांत, १९४६-४७ मध्ये, पश्चिम जपानात राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर भारतीय सैन्याची तुकडी होती. ब्रिगेडियर थिमय्या यांच्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. म्हणजे शिकिशिमा खोपट उभारत होता तेव्हा सातारा-कोल्हापूरकडचे जवान याच देशात पहारे देत होते. आपण मंडळाच्या गणेशोत्सवात 'जपानमधली मराठी माणसे' म्हणून भाषणे करतो, त्यात त्यांचे नाव कुणी घेतलेले आम्ही ऐकले नाही. योकोहामाला होदोगायात राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी आहे. तिथे भारतीय सैनिकांचा वेगळा विभाग आहे. हानामीला गेलात तर तिकडे जरूर वळा.

चिरंजीवांना आम्ही एवढेच सांगितले, की दोन्ही बाजूंना आपली माणसे होती आणि दोन्हीकडच्यांना घरी परतायचे होते. त्याचे समाधान झाले की नाही कोण जाणे, पण त्याने इतिहासाचे पुस्तक काढले हे खरे.

तेव्हा आमचा निकाल असा. सिनेमा जरूर बघा. दहाच्या आतल्या मुलांना नेऊ नका, ओदो बेटाचा प्रसंग त्यांना झोपू देणार नाही. २०२४ मध्ये तो डिस्कवरही आला आहे, पण बरोबर बघायला कुणी जपानी शेजारी मिळाले तर सोन्याहून पिवळे. चहा घेताना त्यांच्या घरातले कोण परत आले नाही ते विचारा, आणि त्यांनी आपल्याकडचे विचारले तर सांगायची तयारी ठेवा. आमच्या शेजारच्या आज्जींनी सांगायला सुरुवात केली तेव्हा रात्रीचे साडेदहा कधी वाजले ते कळलेच नाही.