शिष्टमंडळात कोण नाही?

कार्तिकात खालापूर तालुक्यातल्या साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. देव पंढरीचाच, पण ओळख मिळाली ती यात्रेत विकायला येणाऱ्या सुक्या बोंबलांवरून. माणसं देवाला आपल्यासारखं करून घेतात, तिथे जनावरांना कशी सोडतील? काऊचिऊच्या गोष्टीत पावसात घर कुणाचं वाहून जातं, हे ऐकता ऐकताच पोर कुणाची बाजू घ्यायची ते शिकतं.

म्हणून ‘दिल्ली सफारी’त राजकारण शोधणं म्हणजे पोरखेळावर खटला भरणं, हे आम्हाला पटत नाही. निखिल अडवाणी दिग्दर्शित हा २०१२चा ॲनिमेशनपट पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्समध्ये घडला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुंबईच्या जंगलात बुलडोझर शिरतात, बिबट्या मारला जातो. मग त्याचं पिल्लू, पिल्लाची आई, माकड आणि अस्वल दाद मागायला थेट संसदेकडे निघतात. जो सिनेमा स्वतःच संसदेचा रस्ता धरतो, त्याला ‘तुमच्या शिष्टमंडळात कोण कोण?’ हे विचारायलाच हवं.

त्यात पोपट आहे, आणि तो फार नेमका निवडला आहे. सिनेमावाल्याच्या घरी वाढलेला, माणसांची बोली येणारा. जंगलाचं दुःख त्याला ठाऊक नाही. पण त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. तहसील कचेरीबाहेर कातकऱ्याचा अर्ज लिहून देणारा आठवा. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिला, तरी दाव्याचा कागद साहेबाच्याच भाषेत लागतो. हे एवढं हसत-खेळत पोरांना सांगणारा दुसरा हिंदी सिनेमा आम्हाला आठवत नाही.

खटकतं ते पुढे. सिनेमातला माणूस म्हणजे झाडं तोडणारा. मुंबईच्या ज्या जंगलाची ही कथा वाटते, त्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि शेजारच्या आरेत वारल्यांचे पाडे आहेत. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितली, तेव्हा पाड्यांवरच्या आदिवासींनाही अतिक्रमणवाल्यांतच मोजलं गेलं. ‘जंगल विरुद्ध माणूस’ अशी सोपी मांडणी केली की बिल्डर आणि वारली एकाच रांगेत उभे राहतात.

दिग्दर्शकाची बाजूही लंगडी नाही. दीड-दोन तासांत मुलांना खलनायक स्पष्ट लागतो. शिवाय पडद्यावर दोन वारली चित्रं टांगून, तारपा वाजवून हजेरी लावली असती तर ते अधिकच वाईट झालं असतं. हॉलिवूडच्या ‘झूटोपिया’ने (२०१६) भेदभावाचा प्रश्न थेट हाताळला, तरी पेच सुटला नाहीच: सशाला कोल्ह्याची भीती वाटते ती निव्वळ पूर्वग्रहातून नव्हे. प्राण्यांच्या अंगावर माणसांचे प्रश्न चढवले की कुठेतरी उसवतंच.

तरीही आमचा कौल थोडा सिनेमाच्या विरोधात जातो. वारली बिबट्या-वाघाला वाघोबा म्हणून पुजतात. कर्जत-खालापूरच्या ठाकरवाड्यांतही दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. बिबट्याच्या पिलाचं गाऱ्हाणं दिल्लीला न्यायचं, तर या माणसांइतका हक्काचा साक्षीदार दुसरा कोण होता?

सिनेमा लागला १९ ऑक्टोबर २०१२ला. वाघबारस तीनच आठवड्यांवर होती.