साबळेच्या मागे कोण?

बर्मिंगहॅमच्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाश साबळेने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक जिंकले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत होता. बीड जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा लष्करात गेला आणि तिथे धावपटू म्हणून घडला. त्याचे कर्तृत्व वादातीतच. पण 2018 मध्ये त्याने मोडलेला गोपाळ सैनींचा राष्ट्रीय विक्रम 1981 चा होता. मधल्या 37 वर्षांत या देशात दमदार पोरे जन्मलीच नाहीत, असे कोण म्हणेल?

जपानमध्ये 1920 पासून हाकोने एकिदेन ही विद्यापीठांची रिले शर्यत होते. प्रत्येक संघाचे दहा धावपटू, दोन दिवस, दोनशेहून अधिक किलोमीटर. संघातली दहावी जागा मिळवायलाही जिवाचे रान करावे लागते. पुढे कंपन्यांचे संघ या मुलांना नोकरी देतात. पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये जपानचे शेवटचे ऑलिंपिक पदक 1992 चे, हेही खरे. भक्कम फळी सुवर्णाची हमी देत नाही. पण एकाचा गुडघा दुखावला म्हणून तिथली परंपरा खंडित होत नाही.

आपल्याकडे ग्रामीण भागातल्या असंख्य मुलांची धाव पोलीस भरतीच्या 1600 मीटरपाशी थांबते. पदकविजेत्याला राज्य सरकारने बक्षीस जरूर द्यावे. त्याआधी जिल्ह्याच्या शर्यतीत पहिल्या दहांत येणाऱ्यांना प्रशिक्षक आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती द्यावी.